ट्रक बिघडला? आधी गिअरबॉक्स उघडून पाहा

आमच्या घरात सध्या दोन शब्दांवर बंदी आहे: ‘मोटर गेली’. रिमोटवरचं कुठलंही खेळणं बंद पडलं की आपण हेच म्हणतो आणि ते माळ्यावर टाकतो. आमच्याकडेही तसंच झालं होतं.

ताईचा मुलगा ईशान ११ वर्षांचा आहे. दोन वर्षांची वाढदिवसाची पाकिटं आणि दिवाळीचे पैसे साठवून त्याने ४,८०० रुपयांचा रिमोट कंट्रोल ट्रक ऑनलाइन मागवला. १:१६ स्केलचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या सोळाव्या हिश्शाएवढा, चारही चाकांना ताकद मिळणारा. तिसऱ्याच आठवड्यात, ऐन जानेवारीत, ट्रक जागेवर उभा राहून नुसता कर्र कर्र करू लागला. बदलून द्यायची मुदत संपलेली होती. ‘आता खेळण्यांवर एक रुपयाही मिळणार नाही,’ असं ताईने जाहीर केलं. ईशान कुणाशी नीट बोलेना. ‘पाण्यात घातला होतास का?’ असं विचारलं की ‘नाही’ म्हणून खोलीत निघून जायचा.

माझे बाबा ३४ वर्षं फिटर होते. निवृत्तीनंतर हात थरथरायला लागले आणि त्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवून दिली. ती त्यांनी परत कधी ओढली नाही. इंदूरच्या थंडीत दुपारी गच्चीवर उन्हात बसायचं आणि पेपर दोनदा वाचायचा, एवढाच त्यांचा कार्यक्रम. एका दुपारी त्यांनीच तो ट्रक खाली मागवला. चाकं अधांतरी राहतील असा मला धरायला लावला, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि ईशानला म्हणाले, ‘हळू दाब.’

दोन सेकंद ऐकलं असेल. ‘मोटर ठणठणीत आहे. दात गेलेत.’

इथून आमचे रविवार बदलले. मी इंग्रजी साहित्य शिकलेली मुलगी, त्यामुळे गिअरचे दात मोजण्याशी कधी संबंध आला नव्हता. तुमच्याकडेही असा ट्रक माळ्यावर असेल, तर आम्ही जे शिकलो ते उपयोगी पडेल.

रिमोटच्या ट्रकची छोटी मोटर फार वेगात फिरते, पण तिच्यात ओढायचा जोर कमी असतो. गिअरबॉक्स तो वेग कमी करून त्याच्या बदल्यात जोर वाढवतो. मोटरच्या दांड्यावर छोटं दातेरी चाक बसवलेलं असतं, ते पिनियन. त्याला भिडलेलं मोठं चाक म्हणजे स्पर गिअर. पुढे आणखी एक-दोन गिअर, मग चाकांकडे जाणारे दांडे. मोटर फिरते पण चाकं फिरत नाहीत, तेव्हा याच साखळीतलं काहीतरी तुटलेलं किंवा निसटलेलं असतं. मोटरच फिरत नसेल तर भानगड बॅटरी, वायर किंवा मोटरची. एवढा फरक कळला तरी अर्धं काम झालं.

उघडण्याआधी बॅटरी काढा. चुकून रिमोट दाबला गेला तर बोट दातांत सापडतं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की प्लास्टिक फुटतं. आम्ही इडलीपात्राची ताटली घेतली. पहिल्या खळग्यात झाकणाचे स्क्रू, दुसऱ्यात मोटरचे, तिसऱ्यात वॉशर. आईने नाक मुरडलं, पण एकही स्क्रू हरवला नाही. स्क्रू बाबांनी सांगायचे आणि ईशानने काढायचे, अशी वाटणी आपोआप झाली.

झाकण निघालं आणि खोबरेल तेलाचा वास आला.

आत पांढरं, मेणासारखं काहीतरी गोठलं होतं, त्यात काळा चिखल. स्पर गिअरचे तीन दात एकाच जागी भुगा होऊन पडलेले. बाबांनी चष्मा सारखा केला. ईशान खाली बघत होता.

गिअरबॉक्स खोटं बोलत नाही. दात सगळीकडून सारखे झिजले असतील तर दोन गिअरमध्ये अंतर जास्त होतं किंवा धूळ गेली. दात एकाच ठिकाणचे गेले असतील तर चाकं कुठेतरी अडकून बसली होती आणि वरून रिमोट दाबलेलाच होता. मोटर थांबत नाही, पिनियन त्याच तीन दातांना खरवडत राहतं. म्हणजे ट्रक चिखलात रुतला होता. नंतर आवाज यायला लागला तेव्हा ईशानने गुपचूप आजीच्या बाटलीतलं खोबरेल आत ओतलं होतं. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि आमच्याकडे त्या दिवसांत रात्री चांगलाच गारठा होता.

बाबा एवढंच म्हणाले, ‘तेल घालायचं सुचलं, हे बरं. कुठलं घालायचं ते आता शिकू.’ मग ईशानने सगळं सांगितलं, कॉलनीमागच्या डबक्यापासून.

तर कुठलं घालायचं? खोबरेल नाही. शिवणयंत्राचं तेलही गिअरना नको, ते इतकं पातळ असतं की फिरताना उडून जातं. बंद डब्यातल्या गिअरना प्लास्टिकला चालणारं ग्रीस लागतं. डबीवर तसं लिहिलेलं पाहून घ्या. पोळीला तूप लावतो तेवढाच पातळ थर द्या. डबा भरून ग्रीस कोंबलं तर मोटरला ते ढवळत बसावं लागतं. काही ट्रकमध्ये पिनियन आणि स्पर उघड्यावर असतात. ते कोरडेच ठेवावेत, कारण ग्रीसला माती चिकटली की तिचा पॉलिश पेपर होतो.

साफसफाईला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरे. पेट्रोल, थिनर वापरू नका, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतं. बॉल बेअरिंग मात्र पाण्यात बुडवू नका. ओली झालीच तर पूर्ण वाळवून थेंबभर मशीनचं तेल द्या. शिवणयंत्राचं तेल इथे कामाला येतं.

नवा गिअर मागवताना बहुतेक लोक फसतात. फक्त दात मोजून चालत नाही, दाताचा आकारही जुळावा लागतो. मिलिमीटरच्या हिशेबात त्याला मॉड्यूल म्हणतात आणि तो घरी काढता येतो. गिअरचा बाहेरचा व्यास मोजायचा, दातांच्या संख्येत २ मिळवायचे आणि व्यासाला त्या बेरजेने भागायचं. आमच्या स्परला तुटलेल्यांची खुंटं धरून ३८ दात होते, व्यास २४ मिलिमीटर. २४ भागिले ४० म्हणजे ०.६. हे गणित ईशानने वहीत केलं. शाळेत भागाकार बघून तोंड वाकडं करणारा मुलगा व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसला होता! अमेरिकन ट्रकमध्ये मॉड्यूलऐवजी पिच असतो, ४८ पिच किंवा ३२ पिच, आणि त्यात आकडा जितका मोठा तितका दात बारीक. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल इतके जवळचे की एकमेकांत चालून जातात. ४८ पिचबरोबर ०.६ मॉड्यूल मात्र लावू नका.

गिअर आला. मग वाद सुरू झाला.

ईशानला सगळे गिअर धातूचे हवे होते. व्हिडिओत सगळे तेच बसवतात म्हणे. बाबांनी नकार दिला. जोराचा धक्का बसला की साखळीतला सगळ्यात कमजोर भाग तुटतो. आज तो प्लास्टिकचा स्पर आहे, आम्हाला १२० रुपयांना पडला. तो पोलादी केला तर पुढचा धक्का दांड्यावर किंवा एक्सलवर जाणार, आणि तो भाग महागही आणि बदलायला कटकटीचाही. ‘काहीतरी तुटणारच. काय तुटायचं ते आपण ठरवायचं,’ बाबा म्हणाले. दगडांवर अगदी सावकाश चढवायचा ट्रक असेल तर धातूचे गिअर योग्यच, तिथे ताण सतत असतो. पण अंगणात पळवायच्या, उड्या मारायच्या ट्रकला प्लास्टिकचा स्पर म्हणजे घरातला फ्यूज. आम्ही दोन जादा घेऊन ठेवले. काही महागड्या ट्रकमध्ये यासाठी स्लिपर क्लच असतो. धक्का बसला की तो क्षणभर घसरतो आणि दात वाचवतो. तो कधीही पूर्ण आवळून टाकू नये.

बदल मात्र आम्ही केले, आणि त्यातला सगळ्यात चांगला वेग कमी करण्याचा होता. पिनियन १७ दातांचं होतं, ते १५ चं केलं. वेग साधारण १२ टक्क्यांनी उतरला, पण चढावर जोर वाढला आणि मोटर तापायची कमी झाली. मुलांना नेहमी उलटं हवं असतं, मोठं पिनियन, जास्त वेग. त्यात मोटर भाजून निघते. हिशेब समजायला एक प्रसिद्ध ट्रक घेऊ. ट्रॅक्ससच्या ब्रश्ड मोटरच्या टू-व्हील ड्राइव्ह स्लॅशमध्ये पिनियन १९ दातांचं, स्पर ८६ चा, आणि डब्यातल्या आतल्या गिअरचं गुणोत्तर २.७२. ८६ भागिले १९, गुणिले २.७२, म्हणजे १२.३१. मोटर इतक्या वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. पिनियन १६ चं लावलं तर हाच आकडा १४.६२ होतो. पिनियन बदललं की मोटर थोडी सरकवावी लागते, त्यामुळे मोटरचे स्क्रू लांबट खाचेत आहेत ना, ते आधी बघा. साधी गोल भोकं असतील तर हा बदल विसरा.

मोटर सरकवून परत घट्ट करताना दोन गिअरमध्ये किती जागा ठेवायची? वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या मध्ये घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि गिअर हाताने फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर घड्या पडल्या पण ती फाटली नाही, तर जमलं. फाटली तर गिअर फार जवळ आहेत, किंचाळतील आणि तापतील. घडीच पडली नाही तर फार लांब आहेत आणि दात पुन्हा जाणार. पिनियनचा छोटा ग्रब स्क्रू दांड्याच्या चपट्या बाजूवरच आला पाहिजे. त्याला निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब द्या, पण फक्त धातू-धातूच्या जोडाला. प्लास्टिकला लागलं तर तडे जाऊ शकतात.

आमच्या डब्यात दांडे प्लास्टिकच्या बुशमध्ये फिरत होते. बुशचं माप आलं आत ५, बाहेर ११, जाडी ४ मिलिमीटर. या मापाच्या बेअरिंगला एमआर ११५ म्हणतात. ईशान स्वतः बेअरिंगच्या दुकानात गेला, गल्ल्यावरच्या काकांना नंबर सांगितला आणि चार घेऊन आला. काकांनी ‘कशाला हवं?’ विचारलं, तेव्हा दहा मिनिटं त्यांनाच गिअरबॉक्स समजावून सांगत होता. बेअरिंग बसल्यावर चाक हाताने फिरवलं तर बराच वेळ फिरत राहिलं. दांडा आडवा हलत होता, तिथे कागदाएवढ्या पातळ वॉशर घातल्या.

डिफरन्शियल घट्ट करून टाकायचा बदलही लोक करतात, आत इपॉक्सी पुटी भरून. त्याने दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, खडकांवर पकड मिळते, पण ट्रकला वळायला जास्त जागा लागते आणि एक्सलवर ताण येतो. आम्ही नाही केला.

आता मोटरवर बोट दोन-तीन सेकंद ठेवता आलं नाही तर ट्रक थांबवायचा, असा घरात नियम आहे. पाण्यातून आणला तर त्याच संध्याकाळी उघडायचा. ताईने स्वतःहून ग्रीसची डबी आणून दिली, पैशांचा विषय न काढता. हत्यारांची पेटी पलंगाखालून निघून गच्चीच्या दारापाशी आली आहे. बाबांचे हात तसेच थरथरतात, बारीक स्क्रू ईशानच लावतो. तामियाच्या १:१४ च्या ट्रकमध्ये रिमोटवरून बदलता येणारे तीन गिअर असतात, हे त्याला कुठून तरी कळलंय आणि त्याने नवं पाकीट सुरू केलंय.

परवापासून पुढच्या एक्सलमधून टिक टिक येतेय. बाबा म्हणतात, वॉशर कमी पडली. ईशान म्हणतो, ग्रब स्क्रू. रविवारी उघडणार आहोत, इडलीपात्र राखून ठेवलंय.