होडक्याची खुष्कीची वाट

शिडाच्या होडीचा विचार करूं लागलों कीं वारा, पाणी व शीड हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. रस्ता मात्र कोणाच्याच मनांत येत नाहीं. परंतु ज्याचें घर तळ्याच्या किंवा खाडीच्या कांठीं नाहीं, त्याच्या होडीला पाण्यास लागण्यापूर्वीं कित्येक कोस जमिनीवरूनच जावें लागतें. ही खुष्कीची वाट स्वस्त व सुलभ नसेल, तर होडी कितीही सुरेख असो, ती अंगणांत पालथी पडून राहते आणि तिच्या आश्रयास कोंबड्या अंडीं घालूं लागतात. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, होडी पाण्यावर कशी चालेल हें जितक्या काळजीनें पाहावें, तितक्याच काळजीनें ती जमिनीवरून कशी जाईल हेंही घेण्यापूर्वींच पाहावें.

हें तत्त्व ज्यांनीं ओळखलें त्यांना यश कसें आलें, याचें उदाहरण इंग्लंडांत सांपडतें. जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांनीं रचिलेलें ‘मिरर’ नांवाचें होडकें १९६३ सालीं ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राच्या पुरस्कारानें लोकांपुढें आलें. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. प्लायवुडचे कापलेले तुकडे घरीं आणावयाचे, तांब्याच्या तारेनें टांचावयाचे व सांधे कांचतंतूंच्या पट्टीनें पक्के करावयाचे. होडकें ३.३ मीटर लांब. सांगाड्याचें वजन सुमारें ४५ किलो. खरी खुबी डोलकाठींत होती. एक उंच काठी न ठेवितां आंखूड काठी व तिच्यावर चढवावयाचें परबाण अशी योजना केल्यामुळें सर्व सामान होडक्याच्या लांबींतच मावे, आणि साध्या मोटारीच्या टपावर तें नेतां येई. अशीं सत्तर हजारांहून अधिक होडकीं पुढें तयार झालीं. त्यांच्या धन्यांपैकीं कित्येकांच्या घराजवळ पाण्याचा थेंबही नसेल!

त्याहूनही लहान ‘ऑप्टिमिस्ट’ हें मुलांचें होडकें अमेरिकेंत फ्लोरिडा प्रांतीं क्लार्क मिल्स यांनीं १९४७ सालीं रचिलें. त्याची लांबी सुमारें २.३ मीटर, वजन ३५ किलो, आणि डोलकाठीही जवळजवळ तेवढ्याच लांबीची. आज हैदराबादच्या हुसेनसागरांतही मुलें तें हांकतात. चार मुलांनीं चार बाजूंनीं धरिलें तर प्रत्येकाच्या वांट्यास नऊ किलोसुद्धां येत नाहींत.

आतां स्वस्त उपाय पाहूं. सर्वांत स्वस्त वाहन म्हणजे मित्रांचे हात. त्याच्या वरची पायरी दोन चाकांचा हातगाडा. लांबच्या प्रवासास मोटारीचें टप. त्यावर दोन आडवे दांडे बसवून होडी पालथी ठेवावी, दोन्ही दांड्यांशीं बांधावी व पुढचें आणि मागचें टोंकही निराळ्या दोरांनीं ताणून बांधावें. टप किती भार सोसतें हें मोटार करणाऱ्याच्या पुस्तकांत पाहूनच हें करावें. होडी याहून जड असेल तर ट्रेलर हवा. पण त्याचीं चाकें पाण्यांत घालूं नयेत. प्रवासांत तापलेलीं बेअरिंगें पाण्यांत एकदम निवून पाणी आंत ओढून घेतात व गंजतात. म्हणून ट्रेलरवर हातगाडा, हातगाड्यावर होडी, व पाण्यांत फक्त हातगाडा, ही रीत उत्तम.

कोणी म्हणेल कीं, मोठी होडी अधिक मुलांना घेऊन जाते. खरें आहे, पण ती नेण्यास प्रत्येक वेळीं भाड्याचा ट्रक व मजूर लागले, तर वर्षांतून किती वेळां नेणार? ज्या शाळेचें तळें दूर आहे, तिनें एका जड होडीऐवजीं तीन-चार हलकीं होडकीं घ्यावीं व सर्वांमिळून एकच ट्रेलर ठेवावा. एका पालकाची मोटार, दुसऱ्याचे दोर व मुलांचे खांदे एकत्र आले, तर जो खेळ श्रीमंतांचा म्हणून समजला जातो तो मध्यम स्थितींतल्या घरासही परका राहणार नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, होडी उचलावयास जो येत नाहीं त्यानें ती हांकावयासही येऊं नये, हा नियम प्रथमच करून ठेवा. एकट्यानें होडी हांकतां येते. पण तिला पाण्यापर्यंत नेण्यास बहुधा सोबती लागतात. ही सोबत जेथें जमली तेथें होडी कधीं अंगणांत कुजत नाहीं.