विश्लेषण : दुचाकीच्या गरम ग्रिप, लक्ष उजव्या वायरीकडे हवे

डिसेंबरच्या पहाटे कर्जत-खालापूरच्या ठाकुरवाड्यांतून दुचाकीने कर्जत स्टेशन किंवा खोपोली गाठायची, तर बोटे आखडतात. त्यावर तापणाऱ्या ग्रिप बाजारात मिळतात. खरे तर एवढ्या वाटेला जाड हातमोजे पुरेत. लडाखला निघालेल्याची गोष्ट वेगळी.

तरीही बसवायच्याच असतील, तर हेडलाइटच्या वायरीला जोड देऊन काम उरकू नये. ३६ वॉटची जोडी १२ व्होल्टवर ३ अँपिअर ओढते. बॅटरीवरून वेगळी लाइन, ५ अँपिअरचा फ्यूज आणि चावीबरोबर बंद होणारा रिले हवा. नाहीतर ग्रिप रात्रभर चालू राहते आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते.

खरा धोका उजव्या मुठीत आहे. ती एक्सलेटरबरोबर फिरते, तिची वायरही फिरते. वायर ताणून बांधली, तर हात सोडला तरी एक्सलेटर मागे येत नाही. एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे बोरघाट जुन्या हायवेनेच उतरायचा. तिथल्या वळणावर हे घडले तर? म्हणून मेकॅनिकच्या दारातच हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून एक्सलेटर सोडून पाहावा. तो झटकन मागे आला नाही, तर पैसे देऊ नयेत.

एकच मूठ थंड राहिली, तर बहुधा तिचीच वायर तुटलेली असते. दोन्ही थंड असतील, तर आधी फ्यूज, मग अर्थिंग, मग कपलर पाहावा. इथल्या पावसात कपलरला गंज धरतो जुलैत, कळते मात्र डिसेंबरात.