आयतं बीळ

म्हणींनी ज्यांची बदनामी केली आहे, त्यांत सापाचा नंबर बराच वर लागावा. कुणी दुसऱ्याच्या कष्टावर येऊन बसला की आपण म्हणतो, ‘आयत्या बिळात नागोबा.’ जसं काही नागोबानं सोसायटी काढून, हप्ते भरून, स्लॅबवर पाणी मारून बंगला बांधायला हवा होता! अहो, ज्याला हात नाहीत आणि पाय नाहीत, त्यानं कुदळ धरायची कशानं? आयतं बीळ ही सापाची लबाडी नव्हे, गरज आहे. आणि माझं भांडण आहे ते ही गरज न ओळखता हौसेनं साप घरी आणणाऱ्या मंडळींशी.

हो, अशी मंडळी आहेत. पूर्वी मध्यमवर्गीय घरात कुत्रा, मांजर, फार तर ‘विठू विठू’ करणारा पोपट असायचा. आता फ्लॅटात ‘बॉल पायथन’ येतो. हा पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा बिनविषारी, आटोपशीर अजगर. घाबरला की डोकं मधे घालून चेंडूसारखं वेटोळं करतो, म्हणून बॉल. आमच्या पुण्यातल्या भाच्याला तो हवा आहे.

“मामा, इतका सोपा प्राणी दुसरा नाही. भुंकत नाही, फिरवायला न्यावं लागत नाही, केस गाळत नाही, दोन-दोन आठवडे जेवायला मागत नाही.”

“हे सगळे गुण आपल्या पाट्या-वरवंट्यात आहेत,” मी म्हटलं. “तो पाळ.”

मग त्यानं मोबाइलवर सापाच्या भावी निवासस्थानाचा फोटो दाखवला. दीड फुटाची काचेची पेटी. चारी बाजूंनी आरपार. तळाला रंगीत गोटे, कोपऱ्यात प्लॅस्टिकची वेल, वर झगझगीत दिवा. मुक्काम हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. मी विचारलं, “यात लपायचं कुठे त्यानं?” तर भाचा म्हणतो, “लपला तर दिसणार कसा?”

सगळी गोम इथंच आहे.

शोकेस ही मराठी घराची फार जुनी खोड. ज्यांतून कुणी कधी चहा प्यायलेला नाही अशा कपबश्या, आग्र्याहून आणलेला ताजमहाल, मान हलवणारी बाहुली, हे सगळं काचेमागे ठेवायचं आणि पाहुण्यांना दाखवायचं. माझी त्याला हरकत नाही. ताजमहालाला भीती वाटत नाही. सापाला वाटते. हा प्राणी रानात दिवसभर उंदीर-घुशींच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडून असतो आणि अंधार पडल्यावर बाहेर निघतो. त्याला चारी बाजूंनी उघड्या पेटीत ठेवणं म्हणजे तुम्हाआम्हाला ऐन दिवाळीत लक्ष्मी रोडवर आंघोळीला बसवण्यासारखं आहे. मग तो जेवण सोडतो. महिनोन्‌महिने सोडतो. मालक म्हणतो, “फार नखरे आहेत हो याचे!” नखरे कसले? भर रस्त्यात आंघोळीला बसवलेल्या माणसाला तुम्ही बासुंदीचा आग्रह करताय.

तेव्हा पहिला नियम हा की घर ज्याला राहायचंय त्याच्यासाठी, बघणाऱ्यासाठी नाही. पेटीच्या तीन बाजू झाकायच्या. आत दोन बिळं करायची. उलट्या ठेवलेल्या कुंडीला दार पाडलं तरी चालतं. पण बीळ अडचणीचं हवं, वेटोळ्याला भिंत टेकली पाहिजे. आपल्याला ‘ऐसपैस’ आवडतं, त्याला कुशीत घेणारी भिंत लागते.

“दोन कशाला?” असं दुकानदारही विचारतात. त्याचं कारण ऐका. सापाच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नसते, ऊब बाहेरून घ्यावी लागते. पेटीचं एक टोक ३१-३२ अंशांवर आणि दुसरं २५-२६ वर ठेवायचं, म्हणजे पचनासाठी तो उबेला जातो आणि पुरे झालं की गार टोकाला येतो. आता बीळ एकच असलं, आणि तेही गार टोकाला, तर त्यानं काय करावं? बाहेर येऊन शेकावं तर भीती. आत बसावं तर गारठा. भित्रा जीव आतच बसतो, आणि गिळलेला उंदीर पोटात न पचता तसाच राहतो, नाही तर उलटून पडतो. म्हणून दोन बिळं, दोन टोकांना. हे चोचले नव्हेत, जेवण पचण्याची सोय आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “पुण्याची हवा सगळ्यांना मानवते.” पेन्शनरांना मानवत असेल. इथं जानेवारीच्या पहाटे दात वाजतात आणि एप्रिलमध्ये डांबर वितळतं. सापाला यातलं एकही चालत नाही. बरं, ऊब द्यायची म्हणजे नुसता हीटर लावून मोकळं व्हायचं नाही. त्याला तापमान राखणारा थर्मोस्टॅट हवाच. तापलेल्या जागेवरून वेळेवर उठावं हे सापाला कळेलच असं नाही, आणि पोट भाजून निघतं. दमटपणाही मोजून ठेवावा लागतो, साधारण साठ टक्के. हवा कोरडी झाली की कात अखंड निघत नाही, तुकडे अंगाला चिकटून राहतात. पेटी नुसती ओलीचिंब ठेवली तर कातडी आणि फुप्फुसं बिघडतात. तळाला रंगीत गोटे नकोत, नारळाच्या भुश्शासारखं काही घाला. पाणी पसरट भांड्यात द्या. आणि दूध, कृपा करून, नको! साप दूध पिणारा प्राणी नाही. आपण नागपंचमीला जे केलं ते पुरे झालं.

आता जागेचा मुद्दा. इथं माझ्या पिढीतले काका-मामा हमखास छाती पुढे काढतात. “आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं वाढलो, सापाला काय चार बाय दोन फूट लागतात?” लागतात. चारेक फुटांच्या सापाला मनात आलं तर अंग सरळ करून पडता आलं पाहिजे. मीही चाळीत वाढलोय. पण त्या दहा बाय बाराला गॅलरी होती, जिना होता, समोरच्यांचं घर आपलंच होतं आणि पुढे अख्खा रस्ता होता. खोली लहान होती, जग लहान नव्हतं. सापाला गॅलरी नाही. ती पेटी हीच त्याची खोली, तोच त्याचा रस्ता आणि तेच त्याचं गाव. आणि असं घर एकालाच. ‘सोबत हवी’ म्हणून दुसरा साप घालू नका. सोबतीची हौस आपली.

झाकणाला कडी हवी, हे सांगायला नको. साप रात्रभर नाकानं फटी तपासतो. त्याला बाहेरची वाट सापडली तर पुढची गोष्ट तुम्ही नाही, खालच्या मजल्यावरच्या आजी सांगतील.

कायद्याचीही कडी आहे. नाग, धामण, आपला अजगर, आपल्या रानातला कुठलाच साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बॉल पायथन हा ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला परदेशी. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे त्याची सरकारी नोंदणी करावी लागते. घेताना कागद मागा. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून आपण स्कूटरही घेत नाही.

आणि हे सगळं किती दिवस? ‘साप म्हणू नये धाकला’ असं आपल्याकडे म्हणतात. विषाचं राहू द्या, वयाच्या बाबतीत ते खरं आहे. वीतभर पिल्लू म्हणून आणलेला हा जीव वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीनं २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असावं असा तिथल्या लोकांचा अंदाज होता. म्हणजे भाच्याची परीक्षा, नोकरी, लग्न, बदल्या, घरात येणारी सूनबाई आणि फ्रीजमध्ये आंब्याच्या रसाशेजारी ठेवलेले गोठवलेले उंदीर, हे सगळं सांभाळून ती पेटी तीस वर्षं उबदार ठेवायची आहे. वीज गेली तरीसुद्धा.

माझा सापाला विरोध नाही. विरोध आहे तो आधी साप आणि मग घर या क्रमाला. लग्नाआधी जागा बघणारी आपली माणसं, सापाच्या बाबतीतच एवढी घाई का करतात? माझी साधी सूचना आहे. आधी पेटी आणा. तीन बाजू झाका, दोन बिळं मांडा, थर्मोस्टॅट लावा, आणि साप न आणता ती महिनाभर चालवा. रोज सकाळ-संध्याकाळ पारा लिहून ठेवा, पाणी बदला, विजेचं बिल भरा. आणि रोज संध्याकाळी समोर खुर्ची टाकून त्या रिकाम्या पेटीकडे अर्धा तास बघत बसा.

कंटाळा आला, तर साप आणू नका. कारण घर चांगलं जमलं असेल, तर साप आल्यावरही ती पेटी बहुतेक वेळा तशीच रिकामी दिसणार आहे.