आकडेलिपीचा कैवार

दादर-गिरगांवच्या सुशिक्षित घरांतील मुलगा बेस गिटार मांडीवर घेऊन, ‘टॅब’ नांवाच्या आकडेलिपीवरून पंक रॉकचीं गाणीं बसवूं लागला कीं वडील मंडळी नाक मुरडतात. चार तारांच्या चार रेघा, रेघेवर आकडा, त्या आकड्याच्या पडद्यावर बोट; यांत स्वरज्ञान तें कोठलें, असा त्यांचा आक्षेप.

आम्हांस हा आक्षेप एकांगी वाटतो. सोळाव्या शतकांत युरोपांतील ल्यूटवादक अशाच लिपीवरून वाजवीत. पं. भातखंडे यांनीं घराण्यांतील चिजा स्वरलिपींत उतरवून छापल्या, तेव्हांही विद्या कागदावर उतरत नाहीं असें म्हणणारे होतेच. आज त्याच क्रमिक पुस्तकांवांचून संगीताच्या विद्यार्थ्याचें पान हालत नाहीं.

दोन्ही लिप्यांत भेद आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. स्वरलिपि स्वर आणि मात्रा सांगते. आकडेलिपि बोटाची जागा सांगते, काळ बहुधा सांगत नाहीं. म्हणूनच शिकणाऱ्यास रामोन्सची १९७६ सालची पहिली ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकावी लागते. त्या जलद लयींत तारेवर एकसारखे आघात करीत राहणें कागद शिकवीत नाहीं, कान शिकवितो. ज्या अभ्यासांत कानास क्षणभर सुटी नाहीं, त्यास पोपटपंची कसें म्हणावें?

शिक्षकाची फी न झेपणाऱ्या परळ-लालबागच्या मुलास हा कागद संगीताचें दार उघडून देतो. केवळ वडिलांच्या नापसंतीनें तें बंद व्हावें, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.