गलाई व्यावसायिकांचे शिक्षण : आपलेही काम

ज्याच्याजवळ पदवी नाही तो अशिक्षित, असे आपला पांढरपेशा समाज सहज म्हणून जातो. आपल्या हैदराबादेतील गलाई व्यावसायिकांकडे पाहिले, की हा समज किती अपुरा आहे हे ध्यानात येते.

सांगली जिल्ह्यातील खानापूर आणि आटपाडी हे तालुके परंपरेने अवर्षणग्रस्त. कोरडवाहू शेतीवर संसार चालेना, म्हणून तेथील माणसे सोने-चांदी शुद्ध करण्याची विद्या घेऊन देशभरातील सराफ बाजारांत विखुरली. त्यांपैकी अनेकांचे शिक्षण शाळेतच थांबले. परंतु त्यांचे काम पाहा. अशुद्ध सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून ते वितळवायचे आणि नायट्रिक आम्लात, म्हणजे त्यांच्या तेजाबात, उकळायचे. चांदी-तांबे विरघळते, सोने तळाशी उरते. मग त्या द्रावणात तांबे टाकून चांदी परत मिळवायची. चांदी कमी पडली, तर ती सोन्यातच अडकून राहते. हे रसायनशास्त्रच आहे. फक्त ते पुस्तकातून आलेले नाही.

मात्र या विद्येत एक पान कोरे राहिले आहे, आणि ते आपल्या विषयाचे आहे. तेजाबातून निघणारा तांबूस धूर म्हणजे मुख्यतः नायट्रोजन डायऑक्साइड. तो हुंगताना फारसा त्रास होईलच असे नाही. पण काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी साठून धाप लागते. तोवर मनुष्य घरी जाऊन झोपलेला असतो. चांदीच्या शुद्धीकरणात शिसे वापरले जाते. त्याची धूळ कपड्यांवरून घरातील लहान मुलांपर्यंत पोहोचते. पोटदुखी आणि रक्तक्षय घेऊन असा रुग्ण येतो, तेव्हा केसपेपरवर ‘धंदा : खासगी’ एवढीच नोंद असते.

व्यवसायाचे नियमही बदलले आहेत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांक असल्याखेरीज दुकानदाराला तो विकता येत नाही. जेथे पूर्वी शब्द आणि कसोटीचा दगड पुरे होता, तेथे आता कागद लागतो.

काहींचे म्हणणे असे, की मुले शिकून इतर क्षेत्रांत जातीलच, मग या धंद्याची चिंता कशाला? मुलांनी अवश्य शिकावे. परंतु त्यांची फी भरणारा बाप आज भट्टीपुढे बसलेला आहे, आणि त्याची फुप्फुसे पुढच्या पिढीची वाट पाहत थांबणार नाहीत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ या बांधवांसाठी मराठीतून वर्ग घ्यावा. धूर बाहेर ओढणारा पंखा व तो धुणारे कॉस्टिक सोड्याचे पाणी, कामाचे कपडे दुकानातच बदलणे, धूर लागल्यावर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जाणे, एवढे विषय आरंभाला पुरेत. रक्तातील शिशाची व फुप्फुसांची तपासणी आपण सवलतीत करावी. हिशेब आणि कराची बाजू आपल्यातील सनदी लेखापालांनी सांभाळावी. मात्र पहिला वर्ग आपला असावा. आधी त्यांच्या दुकानात जाऊन, त्यांना गुरुस्थानी मानून, ते काम समजून घ्यावे. त्यांच्या कौशल्याचा मान राखूनच आपले शिक्षण त्यांच्या गळी उतरेल.