‘निकृष्ट’ हा शिक्का कोणाचा? भारतीय कापसाची उलटतपासणी

१/ भारतीय कापूस मुळातच निकृष्ट होता, लँकेशायरच्या गिरण्यांनी तो केवळ नाइलाजाने घेतला, असे आजही बिनदिक्कत लिहिले जाते. हा निवाडा गिरणीमालकांचा होता. इतिहासलेखनाने तो न तपासता स्वीकारला.

२/ लँकेशायरची यंत्रे अमेरिकेच्या लांब धाग्याच्या कापसावर बेतलेली होती. यादवी युद्धापूर्वी ब्रिटनचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून, गुलामांच्या श्रमातून येई. भारतीय देशी वाणांचा आखूड धागा त्या यंत्रांवर वारंवार तुटे. यंत्र आणि धागा परस्परांना विजोड होते. ठपका मात्र एकट्या कापसावर आला.

३/ ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल आखूड धाग्याच्या देशी कापसाचीच होती. कातणाऱ्या हातांना जे साधले, ते यंत्राला साधले नाही.

४/ १८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले, भारतीय कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, सट्टेबाजार बुडाला. भारतीय कापसाची कथा बहुतेक जण येथेच संपवतात. खरा पुरावा पुढेच आहे.

५/ १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, ती कापूस पिकवणाऱ्या मुलखातच. मुंबईच्या गिरण्यांचे भरड सूत चीनच्या बाजारात खपू लागले. १८९३ मध्ये मुंबई-जपान जहाजसेवा सुरू झाली. जपानी गिरण्यांनी आखूड व लांब धाग्यांचे मिश्रण करून कातण्याची पद्धत बसवली आणि भारतीय कापूस मोठ्या प्रमाणावर वापरला.

६/ लांब धाग्यापासून यंत्रावर अधिक तलम सूत निघते, त्याला भावही चढा मिळतो, हे खरेच. परंतु एका यंत्राला गैरसोयीचे ते सर्वार्थाने निकृष्ट, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

७/ या चुकीची किंमत शेतात मोजली जाते. १९४७ मध्ये भारतातील सुमारे ९७ टक्के कापूसक्षेत्र देशी वाणांखाली होते. आज जवळपास सर्वत्र अमेरिकी जातीचे संकरित वाण आहेत. कापसाखालील क्षेत्रात भारत जगात अग्रेसर, तरी हेक्टरी उत्पादन जागतिक सरासरीहून कमी. विदर्भातील बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी देशी वाण अधिक सोसतात. त्यांचे मोल केवळ धाग्याच्या लांबीने ठरवणे म्हणजे लँकेशायरची मोजपट्टी आजही शेतकऱ्याच्या बांधावर लावणे होय.