इमारतींविषयी मराठीत कोण लिहिणार?

प्रागमध्ये १९१२ साली योसेफ गोचार यांची ‘ब्लॅक मॅडोना’ ही क्यूबिस्ट इमारत उभी राहिली. त्याच सुमारास वास्तुकार पावेल यानाक या शैलीची तात्त्विक बाजू चेक भाषेतील कलामासिकात मांडत होते. आज संशोधकाला इमारतीइतकेच ते लेखनही साधन ठरते.

पुण्यात चार्ल्स कोरिआ यांनी ‘आयुका’चे संकुल घडवले. काळ्या दगडाच्या भिंती आणि मधले कुंड विश्वरचनेविषयी काही सुचवू पाहतात. कादंबरीच्या रचनेवर हिरिरीने वाद घालणारी आपली समीक्षा या रचनेपाशी मात्र थबकते. द. ग. गोडसे यांनी मराठीत समर्थपणे मांडलेला कलाविचार साहित्याच्या अभ्यासकांनी इथवर आणावा, असे आम्हांस वाटते. अन्यथा वास्तू उरेल, तिच्याकडे पाहणारी मराठी दृष्टी उरणार नाही.